गंगावेशीच्या मामांना, जाहीर आभार

मामा, नमस्कार.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, शालीचं नाव काढलं तर चिडलात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना कळू दे.

त्या पहाटे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललेली, आणि इकडे आमची मांजर मनी आईच्या नऊवारीच्या गाठोड्यात व्यायला बसलेली. तिच्यासाठी तयार केलेल्या खोक्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून तुम्ही रतीब घालायला आलात, तेव्हा दोन पिल्लं झाली होती. तिसरं पडद्यातच, निपचित. मनी दुसऱ्याला चाटण्यात गुंतलेली.

किटली ठेवून तुम्ही आधी साबणानं हात धुतलेत. पिल्लाच्या नाकापाशी पडदा फाडलात, तोंडातला चिकटा पुसलात आणि कोरड्या पंचानं त्याला चोळत राहिलात. आई म्हणाली, "राहू दे मामा, गेलं ते." तुम्ही मानही वर केली नाही. आणि ते चिरकलं! जेमतेम शंभर ग्रॅमचा जीव, पण आवाज पार कट्ट्यापर्यंत जावा असा.

पिल्लामागून पडलेली वार मी उचलायला गेलो तर म्हणालात, "म्हशीला आम्ही खाऊ देत न्हाई, पण मांजराचं येगळं. खाऊ दे तिला. पिल्लागणिक एक पडली का, तेवढं बघा. आत ऱ्हायली तर डॉक्टर गाठा."

दूध विकणाऱ्या माणसानंच आम्हाला पिल्लांना दूध पाजू दिलं नाही, हे मी अजून हसत हसत सगळ्यांना सांगतो. "म्हशीचं न्हाई, गाईचं बी न्हाई. आईचा चीक जाऊ दे पयला पोटात." शिवाय गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायला लावलीत, कारण एवढ्याशा पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही.

चौथं मनीनं एकटीनं निभावलं. आठवडा उलटला तसे सगळ्यांचे डोळे उघडले. तुमचं तिसरं तिरंगी आहे. डॉक्टर म्हणाले, तिरंगी म्हणजे बहुतेक मादीच, नर क्वचित. गोठ्यात उंदीर पेंड फस्त करतात म्हणालात ना? ती तुमचीच. पण दोन महिन्यांची झाल्यावर, आधी मागू नका.

आणि मामा, पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते म्हणे. त्यामुळे दूध तुटलं की मनीचं ऑपरेशन करायचं ठरवलंय. तिला पिशवीत घालायला मात्र तुम्हालाच यावं लागेल, आम्हाला ती ओरबाडते.