उलटीकडून सुरू झालेली वही

फोंडा, गोवा
१६ जून

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

मृगाच्या पहिल्याच सरीत माळ्यावरची दोन कौलं फुटली. पाणी थेट पेटाऱ्यावर. सगळं खाली काढावं लागलं आणि तुझ्या बाबांच्या दुकानातली ती लाल कापडी खतावणी हाती आली. क्रिकेटपटूंचे फोटो चिकटवायची आपली वही! काम तसंच टाकून मी सोप्यावर जाऊन बसलो. बायको अजून बोलत नाहीये.

आठवतंय ना? पुढून आपली माणसं: सुनील गावसकर, कपिल, वेंगसरकर. वही उलटी केली की शत्रुपक्ष. त्यांना दहाच पानं द्यायची, हा नियम तुझा. आणि तो मोडलास तूच, वेस्ट इंडिजच्या त्या वेगवान गोलंदाजासाठी, मार्शलसाठी.

१९८३ चा तो मोसम. कानपूरला मार्शलच्या चेंडूनं सुनीलच्या हातातली बॅट उडाली तेव्हा आपल्याला जेवण गेलं नव्हतं. तू त्याला दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही, पत्र मुलीच्या हाती पडेल. मग दिल्लीला सुनीलनं त्याच मार्शलला हुक मारत १२१ काढल्या, ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली, आणि तू फोटो कापून आणलास तो मार्शलचा! मी भांडलो. तू म्हणालास, "अरे, साध्या गोलंदाजाला मारलं असतं तर आपण एवढे नाचलो असतो का?" तेराव्या वर्षी तुला हे कुठून सुचलं देव जाणे. वकील व्हायचास, बँकेत गेलास.

पुढच्या पावसाळ्यात इंग्लंडमधल्या हेडिंग्लेची बातमी आली. डावा अंगठा मोडलेला, तरी जोडीदार गोम्सचं शतक पुरं व्हावं म्हणून मार्शल एका हातानं बॅट धरून उतरला, आणि प्लॅस्टर घातलेल्या हातानिशी त्यानं ५३ धावांत ७ बळी घेतले. देवळाच्या अग्रशाळेत आठवडाभर आपण एकहाती क्रिकेट खेळलो आणि पुजाऱ्यांच्या कंदिलाची काच फोडली. १९९९ मध्ये तो गेला, अवघ्या ४१ व्या वर्षी. तेव्हा तुझा पुण्याहून फोन आला होता. दोघेही फारसं बोललो नाही, एसटीडीचं मीटर मात्र पळत राहिलं.

वेस्ट इंडिजच्याच रिचर्ड्सचं ते चकचकीत पान शेजारच्या तारवट्यानं बोटीवरून आणलेल्या इंग्रजी मासिकातलं. डोक्यावर हेल्मेट नाही, तोंडात च्युइंगम, चाल अशी की मैदान याच्याच भाटातलं, बागायतीतलं असावं. तू ती चाल नक्कल करत फलंदाजीला यायचास आणि पहिल्या चेंडूवर परत जायचास.

एक मात्र नवल वाटतं. ही उलटी वही आपणच ठेवत नव्हतो. १९७१ मध्ये सुनीलनं वेस्ट इंडिजमध्ये ७७४ धावा केल्या, तर हरलेल्या मुलखातल्या गवयानं त्याच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिकडचं गाणं, रचलं. आणि सुनीलनं मुलाचं नाव ठेवलं ते त्यांच्या रोहन कन्हायवरून, रोहन. त्याच दौऱ्यात आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईनं ६४२ काढल्या होत्या, किंग्स्टनला २१२. (हा माणूस भारताकडून पहिली कसोटी खेळला डिसेंबर १९६१ च्या सुरुवातीला, म्हणजे मडगावात अजून पोर्तुगीज होते!) सरदेसाईला मात्र आपण वहीत घेतलंच नाही. घरचा म्हणून राहून गेला.

वहीचं शेवटचं जोडपान तुझं नाही, माझं एकट्याचं आहे. पुढून येणारे आणि मागून येणारे तिथे भेटले. डावीकडे चेन्नईच्या चेपॉकवर १३६ करून मान खाली घालून परतणारा सचिन, उजवीकडे त्याला बाद करणारा पाकिस्तानचा सकलेन. ३१ जानेवारी १९९९. सचिन गेला तेव्हा १७ हव्या होत्या आणि उरलेले तिघे ४ धावांत गारद. १२ धावांनी हरलो. मग चेन्नईची माणसं उभी राहिली आणि मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघाला टाळ्या वाजवत राहिली. मी टीव्हीपुढे रडत होतो, पण नक्की कशासाठी ते मलाच कळेना.

म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बेव्हनला जागा उरली नाही. २००१, आपलं फातोर्डा, मालिका २-२. उन्हानं डोकी तापलेली, लक्ष्मणचं शतक झालेलं, आणि हा बाबा कसली घाई नसल्यासारखा एकेक, दोन-दोन पळत ८७ वर नाबाद राहून सामना घेऊन गेला. तू टाळ्या वाजवल्यास तेव्हा पुढचा गृहस्थ वळून म्हणाला, "तुमी खंयचे?" फोंड्याचे म्हणून सांगितलं तर त्याला आणखीच राग आला.

परवा भाच्याला वही दाखवली. त्याला 'शत्रुपक्ष' कळेचना. त्याचा दक्षिण आफ्रिकेचा डिव्हिलियर्स आयपीएलमध्ये बंगळुरूच्या जर्सीत खेळायचा, म्हणजे आपलाच. त्यात वाईट काही नाही, पोर मोकळेपणानं सगळ्यांवर जीव टाकतं. पण चोरून कुणी आवडणं, आवडतो म्हणून स्वतःचाच राग येणं, हे त्याच्या वाट्याला आलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूला ४ हव्या आणि पाकिस्तानच्या मियाँदादचा षटकार. घरी येऊन तू त्याचं पान टराटरा फाडलंस आणि आमच्या न्हाणीच्या चुलीत कोंबलंस. जळलं असं तू चाळीस वर्षं धरून चालला आहेस. चूल विझत आलेली होती रे. तू गेल्यावर मी ते ओढून काढलं. जूनमध्ये वेंगसरकरनं लॉर्ड्सवर तिसरं शतक ठोकलं, तो फोटो आपण दोघांनी भाताच्या शितांनी चिकटवला. चिकटवण्याआधी तू पाणी प्यायला आत गेला होतास. तेवढ्यात मी मियाँदादला खाली सरकवला.

काल कसरीनं शितं खाल्लेली दिसली. वेंगसरकर सुटून माझ्या मांडीवर पडला आणि मागून तो हसत बाहेर आला, एक कोपरा काळा.

चवथीला येशील तेव्हा वही पाहा. डिंकाची बाटली आणून ठेवतो. त्याला कुठल्या बाजूला लावायचं ते तू सांग.

तुझा,
विनायक