एप्रिलमध्ये टॉपवॉटर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळ मालवणचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि तुमचा पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचतो. हे पत्र मुद्दाम आत्ताच पाठवतोय, कारण उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला यायच्या आईबाबांची तिकिटांची गडबड आता घरोघरी सुरू झाली असेल आणि त्यात गरवायचा नाद असलेले बाबा बरेच असतात. कोणी खाडीकाठचे, कोणी गावच्या तळ्यात मरळ मारलेले. इथे आले की आठ दिवसांत घरात बसून जीव कंटाळतो, मग मुलगा रॉड-रील आणून देतो, दोघं मिळून यूट्यूबवर बघतात की रबरी बेडूक पाण्यावरून ओढत आणायचा आणि खालून बास मासा उसळी मारून तो गिळतो, की लगेच एप्रिलच्या पहिल्या शनिवारी तळ्यावर हजर! दिवसभर टाकून हात दुखतात, एक मासा वर बघत नाही, आणि रॉड गॅरेजमध्ये जातो तो कायमचा. मला दरवर्षी असे चार-पाच फोन येतात, काका टॉपवॉटर नक्की कधी सुरू करायचं? म्हणून म्हटलं एकदा सगळ्यांसाठीच लिहावं.

टॉपवॉटर म्हणजे पाण्याच्या वरच्या वर चालवायचं आमिष, मग तो पोकळ बेडूक असो, झटका दिला की पाणी उडवणारा पॉपर असो, डावीउजवीकडे वळत जाणारा झारा स्पूक असो की पात्याने पाणी फडफडवणारा बझबेट. आणि मासा म्हणजे लार्जमाउथ बास, हिरवट अंग, बाजूने काळा पट्टा, तोंड एवढं मोठं की मूठ जाईल. नावात बास आहे म्हणून आपल्या जिताड्याचा भाऊबंद समजू नका, याचं घराणं वेगळं, इथल्या तळ्यातला तळहाताएवढा ब्लूगिल असतो ना त्याच कुळातला हा.

आता मुद्दा असा की माशाचं रक्त थंड, पाणी गार तर तोही सुस्त. एप्रिलच्या सुरुवातीला इथे एखाद दिवशी हवा 75 फॅरनहाइटला जाते, लोक हाफपँट घालून फिरतात, फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुललेली असतात आणि आपल्याला वाटतं आला उन्हाळा. पण तळ्याचं पाणी तेव्हा 50 च्या आसपासच असतं म्हणजे सेल्सियसमध्ये 10. हवा एका दुपारी तापते, पाण्याला आठवडे लागतात, आणि एवढ्या गार पाण्यात बास खालीच राहतो, समोरून हळू गेलं तर घेईल, पण वर येऊन झडप घालायची ताकद तो उगाच खर्च करत नाही. म्हणून मी सगळ्यांना पहिलं सांगतो की नवीन आमिष घ्यायच्या आधी साधा थर्मामीटर घ्या आणि दर आठवड्याला एकाच जागी, सकाळीच बघा, कारण दुपारी काठाचं उथळ पाणी चार-पाच डिग्री जास्त दाखवतं आणि माणूस फसतो. उत्तरेकडचा काठ आधी तापतो, तिथे ऊन जास्त वेळ पडतं आणि उत्तरेचा गार वाराही लागत नाही, त्यातही खाली काळा चिखल असेल तर अजून लवकर.

60 च्या वर पाणी गेलं की वरचा मासा लागायला लागतो हे खरं आहे, आणि 55 ला पण मोठी मादी टॉपवॉटरवर काढलेले लोक मला माहिती आहेत, नाही म्हणत नाही. पण मी स्वतः 60 ला सुरू करत नाही आणि का ते सांगायलाच खरं तर हे पत्र आहे.

साधारण 60 ते 70 च्या मधे बासची वीण होते. नर उथळ पाण्यात येतो, शेपटीने गाळ बाजूला करून ताटाएवढी स्वच्छ जागा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि मग राखण करतो तो एकटा नर. अंडी फुटायला काही दिवस, मग पिल्लांचा काळा ढग पाण्यात फिरायला लागतो तेव्हाही हाच बरोबर असतो. या काळात त्याच्या डोक्यावरून बेडूक गेला तर तो भुकेने नाही घेत, पिल्लांच्या जवळ आला म्हणून मारतो. म्हणजे आपण ज्याला मस्त स्ट्राइक म्हणतो तो एका बापाचा राग असतो.

माझ्याकडून हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत मे महिन्यात मी एक छान नर असाच काढला, काठावर मित्राबरोबर फोटो काढले, वजन केलं, पाच-सात मिनिटं गेली असतील, मग सोडला. सोडून वळलो तर त्या स्वच्छ गोल जागेवर पंधरावीस ब्लूगिल तुटून पडलेले, अंडी खात होते. नर कुठे गेला दिसलाच नाही. त्या दिवशी मी परत आमिष टाकलं नाही, आणि तेव्हापासून घरटी असतात तोवर उथळ काठाला मी टॉपवॉटर टाकतच नाही.

न्यू जर्सीत नियमही आहे, 15 एप्रिल ते 15 जून बास धरला तरी लगेच सोडायचा, घरी न्यायचा नाही. पण आपल्या लोकांना, आणि यात मी कोकणवाल्यांना धरून बोलतोय, फुगलेल्या पोटाची मादी दिसली की गाबोळी दिसते! एका मे महिन्यात आपल्याच एका गृहस्थांच्या कूलरमध्ये दोन माद्या बघितल्या, मी बोललो तर म्हणाले एवढं काय, तळं भरलंय. मला फार वाईट वाटलं. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून वर येतात ते अंडी घालायलाच, ते टोपल्या भरभरून मारून पुढे नदीत काय उरलं हे गावातली जुनी माणसं सांगतातच ना. समुद्रात 1 जून ते 31 जुलै होड्या बंद ठेवतो, नारळी पौर्णिमेची वाट बघतो, ती समज इथे आल्यावर का सोडायची? शिवाय इथल्या तळ्यातल्या बासमध्ये पारा असतो म्हणून किती खावा याची सरकारी सूचनाच आहे, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तर जास्त कडक, ती जरूर वाचा. आणि पाहुणा असला तरी वयाची 16 वर्षं पूर्ण झाली की मासेमारीचं लायसन्स लागतं हेही मुलांनी बाबांना आधी काढून द्यावं.

तर माझं उत्तर, निदान मध्य न्यू जर्सीपुरतं: मे महिन्याचा शेवटचा आठवडा, इथल्या मेमोरियल डेची सुट्टी येते तेव्हा. फ्लोरिडात बासची वीण जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होते, टेक्सासला मार्चमध्ये, तिकडे मुलगा असेल तर हा हिशोब बराच आधी येईल, आणि वर कॅनडाच्या सीमेकडे असेल तर जून उजाडतो. पण तारखेपेक्षा खुणा बघा. सकाळचं पाणी 68-70 ला टिकलं पाहिजे, कमळाची पानं वर येऊन पसरली पाहिजेत, संध्याकाळी बुलफ्रॉगचा घोगरा आवाज यायला लागला पाहिजे, आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे काठाला मधमाशीच्या पोळ्यासारखे एकाला एक चिकटून छोटे गोल दिसतात, ती ब्लूगिलची घरटी. ती दिसली की बासची वीण बहुतेक उरकलेली असते आणि मोठे बास या ब्लूगिलच्या मागावरच फिरत असतात. माझ्या वहीत सगळ्यात चांगल्या संध्याकाळी याच दिवसांतल्या आहेत, म्हणजे थांबल्याने आपलं काही जात नाही उलट मासा भुकेला मिळतो.

पहाटे उजाडताना किंवा सूर्य गेल्यावर जा, ढगाळ दिवस असेल तर दिवसभर. पॉपर टाकला की लगेच ओढू नका, पाण्यावरचे गोल विरेपर्यंत थांबा, मग दोन झटके. आणि पाणी फुटल्याबरोबर रॉड ओढायचा मोह होतोच होतो, पण दोरीला वजन लागेपर्यंत हात आवरा, बेडकाला तर नक्कीच. ज्यांनी मरळ धरलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मासा काढताना हात ओले करा, फोटो एकच काढा, आणि 15 जूनपर्यंत सगळे परत पाण्यात. एप्रिल-मेमध्ये आलेल्या बाबांनी तोवर तळाला गांडूळ टाकून ब्लूगिल धरावेत, नातवंडांना तेच जास्त आवडतं.

आपला नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी