उजव्या पानावर तुझं स्वतःचं

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा विषय नक्की झाला, आता तू ग्रंथालयात मुक्काम ठोकशील. त्याआधी अमेरिकन विचारवंत आणि निबंधकार एमर्सनचं ‘द अमेरिकन स्कॉलर’ हे भाषण एका बैठकीत वाचून काढ. ३१ ऑगस्ट १८३७ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, हार्वर्ड विद्यापीठाच्या फाय बीटा कॅपा या विद्वत्मंडळापुढे त्याने ते दिलं. विद्वान घडतो तो निसर्ग, ग्रंथ आणि प्रत्यक्ष कृती यांतून, असं त्याचं म्हणणं. तुझ्या कामाचा भाग ग्रंथांचा. सिसेरो, लॉक, बेकन या जुन्या तत्त्वज्ञांची मतं शिरसावंद्य मानणारी तरुण मंडळी विसरतात की, पुस्तकं लिहिताना तेही ग्रंथालयात बसलेले तरुणच होते.

म्हणून वाचन कमी कर, असं मात्र नाही. इतिहास आणि शास्त्रं कष्टाने वाचूनच शिकावी लागतात, हेही त्याच भाषणात आहे. हे वगळून एमर्सन सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याची कामाची रीत उचलण्यासारखी आहे. १८२० पासून, म्हणजे कॉलेजात असल्यापासून, तो रोजनिशी लिहायचा. तिला तो आपली बचत बँक म्हणे. सुचलेलं लिहायचं, मग विषयवार सूची करायची. पुढे तर त्याने सूचींचीही सूची केली. त्यातून व्याख्यानं आणि व्याख्यानांतून निबंध झाले. त्याच्या निबंधांत वाक्यं कधी कधी सुटी सुटी वाटतात, ती मला वाटतं यामुळेच.

तू दोनशे पानी वही घे. पानांना क्रमांक घाल, शेवटची दहा पानं सूचीला राख. प्रकरण उघडण्याआधी त्या प्रश्नावर तुला काय वाटतं ते पाच-सहा ओळींत उजव्या पानावर लिही. मग वाच. उतारे डाव्या पानावर, अवतरणचिन्हांत, आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांकासह, तिथल्या तिथे. हे नंतरवर टाकलं की सहा महिन्यांनी लेखकाचं वाक्य आपलंच वाटू लागतं आणि ते तसंच प्रबंधात जातं. सूची दर रविवारी कर. ‘स्वातंत्र्य’ असला ढोबळ मथळा नको, त्याखाली निम्मी वही जमा होते. ‘ग्रंथाचा अधिकार कोण ठरवतो’ असा नेमका दे. सलग आठ-दहा उजवी पानं कोरी राहिली, तर वाचन दोन दिवस थांबव.

गाइडशी मतभेद होतील. तिथे एमर्सनचं अनुकरण करू नकोस. १८३८ मध्ये हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलमधल्या, म्हणजे धर्मशास्त्र विद्यालयातल्या, त्याच्या भाषणावरून गदारोळ उठला, तेव्हा त्याचे जुने वरिष्ठ सहकारी हेन्री वेअर यांनी त्याच्याकडे युक्तिवाद मागितला. विचार मांडताना युक्तिवाद म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, असं त्याने कळवलं. त्याला ते चाललं. प्रबंधात चालत नाही. उजव्या पानावरचं मत आणि डाव्या पानावरचा पुरावा, दोन्ही गाइडसमोर ठेव.

तुझे,
बाबा