प्रशिक्षकाला खेळाडूंची भाषा यावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक माजी व्यावसायिक बास्केटबॉलपटू परदेशातील संघाचा प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानाच्या तळाशी चार ओळींत आली होती. तिची सुरुवात ‘कारकीर्द संपल्यानंतर’ या शब्दांनी झाली होती. बेळगाव तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि त्यातील बहुतेक वर्षे शाळेच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल शिकवण्यात गेली, म्हणून त्या शब्दांपाशी मी अडखळलो. आपल्या भागात एखादा पैलवान कुस्ती थांबवून तालमीचा वस्ताद होतो, तेव्हा त्याची कारकीर्द संपली असे आखाड्याभोवती बसणारे कोणीही म्हणत नाही. उलट त्याच्या नावामागे ‘वस्ताद’ लागले की लोक त्याच्याशी अधिक अदबीने बोलू लागतात. बास्केटबॉलच्या बाबतीत आपण हा मान द्यायला का विसरतो, आणि परदेशी जाऊन शिकवणाऱ्या खेळाडूपुढे नेमके कोणते काम असते, याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

मला येथे टॉम होव्हास यांची आठवण होते. 1967 साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जन्मलेले होव्हास पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळले. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, मात्र अटलांटा हॉक्स संघातर्फे अवघे दोन सामने त्यांच्या वाट्याला आले. त्यांची खेळाडू म्हणून खरी ओळख झाली ती जपानमध्ये, टोयोटा कंपनीच्या संघात. खेळ थांबवल्यावर ते मायदेशी परतले, काही वर्षे त्यांनी तिथे वेगळी नोकरी केली, आणि 2010मध्ये पुन्हा जपानला आले ते महिलांच्या एका कंपनी-संघाचे सहायक प्रशिक्षक म्हणून. 2017मध्ये राष्ट्रीय महिला संघाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये, 8 ऑगस्ट 2021 रोजी, त्यांचा संघ अंतिम सामन्यात अमेरिकेसमोर उभा राहिला. तो सामना जपानने 75-90 असा गमावला, तरी बास्केटबॉलमध्ये जपानला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

हे घडले कसे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. जपानच्या मुली स्पर्धेतील इतर बलाढ्य संघांपेक्षा बुटक्या होत्या. चेंडू खेळवण्याची मुख्य जबाबदारी असलेल्या रुई माचिदा यांची उंची तर जेमतेम 162 सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या हायस्कुलातील एखाद्या उंच मुलीएवढी. उंच संघाशी रिंगखाली झुंजण्यात अर्थ नव्हता. म्हणून होव्हास यांनी मुलींना तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरून उभे राहायला आणि तिथूनच नेम साधायला शिकवले; त्यामुळे समोरच्या उंच खेळाडूंना रिंग सोडून बाहेर यावे लागे, मागे जागा मोकळी होई आणि त्या जागेत चेंडू पोचवण्याचे काम माचिदा करीत. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांच्या नावावर अठरा असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास, लागले, आणि महिलांच्या ऑलिंपिक सामन्यातील तो विक्रम ठरला. त्याआधी बेल्जियमविरुद्धचा सामना जपानने 86-85 असा, एका गुणाने जिंकला होता.

मला स्वतःला मात्र या डावपेचांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एका गोष्टीचे अप्रूप वाटते. टाइमआउटमध्ये, म्हणजे प्रशिक्षक खेळ थांबवून संघाशी बोलतो त्या वेळात, होव्हास मुलींशी जपानीत बोलत. रागावत ते जपानीत, धीर देत तोही जपानीत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रशिक्षकाला पहिल्या अर्धात दोन आणि दुसऱ्या अर्धात तीन टाइमआउट मिळतात, आणि प्रत्येक असतो एक मिनिटाचा. म्हणजे चाळीस मिनिटांच्या सामन्यात टाइमआउटच्या रूपाने त्याच्या हाती येतात उणीपुरी पाच मिनिटे. दुभाषा मध्ये घेतला की त्यातली निम्मी गेली. आणि राहिलेल्या निम्म्यांत प्रशिक्षकाचा आवाज एका माणसाचा, तर शब्द दुसऱ्याचे, अशी गत होते. एका गुणाने सुटणाऱ्या सामन्यात हा फरक किती मोठा, हे कोर्टच्या कडेला बसलेल्या कोणालाही कळेल.

कोणी म्हणेल की आपल्याकडे कुस्तीत भाषा कधी आडवी आली नाही. ते खरे आहे. अथणी, रायबाग, चिकोडीकडची कन्नड बोलणारी पोरे पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरच्या तालमींत जाऊन राहिली, मराठी वस्तादांच्या हाताखाली तयार झाली आणि मैदाने मारून गावी परतली. पण वस्ताद अंगाला हात लावून शिकवतो. मान कुठे दाबायची, पाय कुठे अडकवायचा, हे तो मातीत उतरून दाखवतो, आणि लढतीत पोराने एकट्यानेच निर्णय घ्यायचा असतो. बास्केटबॉलमध्ये पाच जणांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची असते, आणि तीही पाठीमागे काय चालले आहे हे दिसत नसताना. बचाव करणाऱ्या मुलाच्या डाव्या खांद्यामागे समोरच्या संघाचा गडी येऊन भिंतीसारखा उभा राहतो, तेव्हा त्याला वाचवते ती फक्त हाक. ती हाक समजायला अर्धा क्षण अधिक लागला तरी गुण गेलाच.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील जांबोटीच्या बाजूचा, नववीत शिकणारा एक मुलगा मी बेंगळुरूच्या एका निवड शिबिराला नेला होता. अंगाने काटक, दोन्ही हातांनी सारखाच टप्पा घालणारा, आणि मला त्याच्याकडून फार आशा होती. सराव सामन्यात चेंडू त्याच्या हाती आला आणि कडेवरून प्रशिक्षक ओरडले, “बलक्के! बलक्के!” त्यांना म्हणायचे होते उजवीकडे. मुलाने शाळेत कन्नड विषय घेतला होता, धडा वाचून दाखवला असता. परंतु धावता धावता कानावर पडलेल्या त्या शब्दात त्याला ऐकू आले आपले ‘बळ’. त्याने होता नव्हता तेवढा जोर लावून चेंडू बोर्डवर मारला. चेंडू बोर्डाला लागून पार दुसऱ्या कोर्टवर गेला, आणि प्रशिक्षकांनी, सांगितलेले ऐकत नाही असे समजून, त्याला खाली बसवले. पुन्हा उठवले नाही. परतताना राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये हुबळी येईपर्यंत तो गप्प होता, आणि मग त्याने विचारले, “सर, जोरानं टाक म्हणालेत की नव्हं त्यांनी?” मला उत्तर देता आले नाही.

यात कन्नडविषयी तक्रार नाही. राज्याच्या शिबिरात कन्नड बोलली जाणारच, आणि आपल्या मुलांना ती यायलाच हवी. मुलाला हे चार शब्द निघण्यापूर्वी पाठ करून घेण्याचे काम माझे होते आणि ते माझ्याकडून राहिले. तरीही सीमाभागातून दरवर्षी मराठी बोलणारी मुले येतात हे ठाऊक असलेल्या शिबिराने, खाली बसवलेल्या मुलाला एकदा जवळ बोलावून ‘काय ऐकलेस?’ एवढे विचारायला हवे होते, असे माझे आजही मत आहे.

याच्या उलट अनुभवही बेळगावनेच मला दिला. आमच्या कोर्टवर बरीच वर्षे पहाटे एक निवृत्त हवालदार येत असत. मूळचे तमिळनाडूचे, पलटणीच्या संघातून खेळलेले, निवृत्तीनंतर इथेच घर केलेले. मराठी त्यांना बेताचीच येई. पण खिशात एक छोटी डायरी असे, आणि तिच्यात तमिळ लिपीत मराठी शब्द लिहिलेले असत: वाक, सरक, अडव, सोड, मागे बघ. एखादे पोर गोंधळले की ते डायरी काढीत, त्या पोराकडून नेमका शब्द विचारून घेत, बोटाने तो जमिनीवर गिरवीत आणि मग लिहीत. एकदा बैलहोंगलकडून आलेली, कन्नड बोलणारी एक मुलगी माझ्या ‘डावीकडे’ या हाकेला थबकली, तेव्हा त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितले की तिचा शब्द तुम्ही शिका. त्या दिवसापासून एडक्क (डावीकडे), बलक्क (उजवीकडे), हिंद बा (मागे ये) हे माझ्याही तोंडी बसले, आणि पुढच्या मोसमात ती मुलगी आमच्या संघाची कप्तान झाली.

आपल्या देशाच्या संघाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. 2010 ते 2012 या तीन वर्षांत भारताच्या पुरुष संघाला बिल हॅरिस, केनी नॅट आणि स्कॉट फ्लेमिंग असे तीन अमेरिकन प्रशिक्षक लाभले. यांतील नॅट स्वतः एनबीएमध्ये खेळलेले, तिथल्या युटा जॅझ संघाचे अनेक वर्षे सहायक प्रशिक्षक राहिलेले आणि सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रशिक्षकपद सांभाळलेले, म्हणजे योग्यतेत कुठेही कमी नव्हते; पण त्यांना इथे फार काळ मिळाला नाही. फ्लेमिंग 2015पर्यंत राहिले, आणि त्यांच्याच काळात, 2014च्या आशिया चषकात, चीनच्या वूहान शहरात भारताने यजमान चीनला 65-58 असे हरवले. केवळ मुक्कामाने विजय मिळतो असे मी म्हणणार नाही. परंतु पंजाबी, तमिळ, मल्याळी अशा खेळाडूंच्या संघात परक्या माणसाला कोण कोणत्या शब्दाने पेटतो आणि कोण कोणत्या शब्दाने खचतो, हे कळायलाच दोन मोसम लागत असतील.

आता जिल्ह्याविषयी. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सैन्यदल, रेल्वे, पोलीस आणि बँकांच्या संघांतून खेळून निवृत्त झालेली मंडळी आहेत, आणि त्यांतील बरीचशी संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसून मुलांचा खेळ पाहत असतात. क्रीडा खात्याने आणि शाळांच्या संस्थाचालकांनी त्यांना कट्ट्यावरून कोर्टवर आणावे. ज्यांची इच्छा असेल त्यांना पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षक पदविकेसाठी आर्थिक साहाय्य द्यावे, कारण चांगले खेळता येणे आणि चांगले शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. खेळाडू म्हणून जे अंगवळणी पडलेले असते तेच शब्दांत मांडायला बसले की भल्याभल्यांची त्रेधा उडते. आणि सीमाभागातील मुलांना निवड शिबिराला पाठवण्यापूर्वी कोर्टवरचे पन्नासएक शब्द मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मुलांकडून आणि प्रशिक्षकांकडूनही घोटून घ्यावेत. त्याला ना इमारत लागते ना अनुदान, एक फळा आणि दोन संध्याकाळी पुरतात. ही यादी करून देण्यास मी तयार आहे.

आपणांस एक विनंती आहे. परदेशी गेलेल्या त्या माजी खेळाडूची पुढची बातमी येईल, तेव्हा संघ जिंकला की हरला याबरोबरच, पहिल्या टाइमआउटमध्ये तो मुलांशी कोणत्या भाषेत बोलला हेही मिळवून छापावे. आमच्या कोर्टवरची मुले मला तेच पहिल्यांदा विचारतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
टिळकवाडी, बेळगाव