कुपवाडच्या टूलरूमवाल्या काकांना

आदरणीय काका,

नाव छापू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका. कुपवाड एमआयडीसीत ज्यांनी ओळखायचं ते ओळखतीलच.

जॉबच्या, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याच्या, कडेला १ × ४५° चॅम्फर मारायला (धारदार कड एक मिमी तिरकी कापायला) कुठलं टूल घेऊ, एवढंच मी विचारलं होतं. दुकानदार अशा वेळी कॅटलॉग पुढे सरकवतात. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "जॉब कशाचा? आणि टूलची कुठली जागा कापणार?" यातला दुसरा प्रश्न मला आजवर कुणी केला नव्हता.

मग मशीनच्या पत्र्यावर खडूनं हिशोब मांडलात. १० मिमीचं, ९० अंशाचं टोकदार टूल, स्पिंडल ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. टोकाशी व्यास जवळजवळ शून्य, म्हणून कटिंग स्पीडही (धार धातूवरून सरकते तो वेग) शून्य. तिथं धातू कापत नाही, नुसता घासतो. ४ मिमी व्यासावर मिनिटाला साधारण ३८ मीटर, ८ मिमीवर ७५. "मग टोकानं कशाला कापतीस? खाली उतर, बाजूला सरक, पोटानं काप." टूल तेच राहिलं, फक्त झेड (खोली) आणि ऑफसेट (बाजूचं अंतर) बदलला. कानस घेऊन बर (कडेला उरलेली धातूची कुसं) काढत बसणाऱ्या पोराला आता मी दुसरं काम दिलंय.

बिडाचंही (कास्ट आयर्नचंही) तसंच. पंपांच्या या सांगली जिल्ह्यात कास्टिंग रोजचीच, आणि कटर बाहेर पडतो त्या बाजूची कड तुटणंही रोजचंच. तिथं आधी चॅम्फर, मग फेसिंग (वरचा पृष्ठभाग सपाट करणं), हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. ॲल्युमिनियमला कोटिंग नसलेलं, चकचकीत, दोन-तीन फ्लूटचं (खाचांचं) कार्बाइडचं, म्हणजे फार कठीण पण ठिसूळ, टूल. भोकावर काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बसायला भोकाचं तोंड तिरकं करणारं टूल) थरथरला की आरपीएम उतरव, फीड (टूल पुढे सरकवण्याचा वेग) वाढव. मेट्रिक स्क्रूला ९० अंश, इंची स्क्रूला ८२, "आणि दोन्ही एका डब्यात ठेवू नकोस, पोरी."

तुमचं एचएसएसवरचं (हाय-स्पीड स्टीलच्या टूलवरचं) प्रेम मात्र मला पटलेलं नाही. जुन्या, हलणाऱ्या ड्रिल मशीनवर कार्बाइडची धार झडते, मान्य. व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मशीनवर) मी कार्बाइडच लावणार. यावर तुम्ही भांडायला या.

पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच प्यालात. त्याबद्दलही आभार, आणि थोडा रागही. लवकरच ३०४ स्टेनलेसचे फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) येतायत. घासलं की ते कडक होतं, एवढं तुमच्याकडूनच कळलंय. पहिला जॉब लावताना शेजारी उभे राहाल का?

आपली,
कुपवाडची एक वर्कशॉपवाली