पाठवणीतले सहा सेकंद

सोलापूर

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पूर्व भागातल्या चादर कारखान्यावर तू केलेला बारा मिनिटांचा माहितीपट मी काल तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा फोनवर, नंतर तुझ्या आईसोबत टीव्हीवर, आणि रात्री सगळी निजानीज झाल्यावर हेडफोन लावून. जेकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने एकामागून एक फिरतात आणि चादरीवर नक्षी उमटत जाते, तो भाग आईने पुन्हा लावायला सांगितला. पुठ्ठा, उचलले जाणारे ताण्याचे धागे, धावता धोटा आणि मग नक्षी, हा क्रम तू असा लावला आहेस की निवेदनाचा एक शब्द नसताना यंत्राचे काम समजते. न सांगता समजावणे ही संकलनातली अवघड गोष्ट आहे आणि ती तुला साधली आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचे सगळे पत्र सातव्या मिनिटातल्या एकाच कटाविषयी, म्हणजे शॉट तोडून जोडल्याच्या एकाच जागेविषयी आहे.

त्या दिवशी माइकची काठी माझ्या हातात होती, म्हणून तो प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो. तुमच्या घरातले आता मागावर कोण बसते, असे तू त्या वयस्कर विणकरांना विचारलेस. ते "कोणी नाही" म्हणाले आणि थांबले. हातातल्या कांडीवरचे सूत दोन बोटांनी चाचपत राहिले. शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते. बऱ्याच वेळाने, तेलुगू वळणाच्या मराठीत, खाली बघतच ते म्हणाले, "मुलगा पुण्याला आहे, बरा आहे." माहितीपटात ही दोन वाक्ये एकमेकांना चिकटली आहेत आणि जोड झाकण्यासाठी मध्ये तू एका बंद शेडच्या कुलपाचा शॉट टाकला आहेस. जोड अजिबात दिसत नाही, काम सफाईचे आहे. पण "बरा आहे" हे शब्द आता नुसती माहिती म्हणून कानावर पडतात. तिथे उभ्या असलेल्या आपल्या दोघांना ते तसे ऐकू आले नव्हते.

तू तसे का केलेस, हे मला कळते. ऑनलाइन बघणाऱ्याचा अंगठा कायम स्क्रीनवर असतो, कंटाळा आला की तो पुढे सरकतो, आणि लोक नेमके कुठे सोडून गेले याचा आलेख तुझ्या वरिष्ठांना दुसऱ्या दिवशी दिसतो. त्या आलेखाला तुच्छ लेखावे असे मी म्हणणार नाही, कारण प्रेक्षकाचा वेळ वाया न घालवणे हा त्याच्याविषयीचा आदरच आहे. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक शांतता रिकामी नसते, आणि भरलेली कोणती व रिकामी कोणती हे ओळखणे हेच संकलकाचे काम आहे. हे मला जिथे कळले, ती गोष्ट तुला मी आजवर सांगितली नव्हती.

नव्वदच्या दशकात आपल्या नवी पेठेतल्या दुकानात लग्नाच्या कॅसेटी तयार व्हायच्या, तेव्हा संगणकावर शॉट हवे तसे पुढेमागे सरकवायची टाइमलाइन नावाची गोष्ट आमच्यापाशी नव्हती. एका व्हीसीआरमध्ये मूळ कॅसेट, दुसऱ्यामध्ये कोरी, आणि दोन्ही पॉजच्या बटणांवर एकेक बोट ठेवून नेमक्या क्षणी ती सोडायची. मांडणी पुरी झाल्यावर मध्येच एखादा शॉट घालायचा असेल, तर तिथून पुढचे सगळे पुन्हा रेकॉर्ड करावे लागे. प्रत्येक नकलेत चित्र थोडे मऊ होई आणि लाल शालूचा रंग शालूच्या काठाबाहेर पसरे, म्हणून नकलेची नक्कल होऊ नये याची आम्ही धडपड करत असू. अशा कामात माणूस पहिल्याच फेरीत पक्के ठरवायला शिकतो. मीही शिकलो होतो, आणि त्याचा मला अभिमान होता.

साखर पेठेतल्या एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी आजोबांच्या पाया पडली. आजोबांनी आशीर्वादासाठी हात उचलला आणि तो तिच्या डोक्यापासून वीतभर वर तसाच राहिला. ते बोलले नाहीत, रडले नाहीत. हात हवेत, नवरी वाकलेली, मागे कोणीतरी हॅलोजन धरून उभा. सहा सेकंदांनी हात खाली आला. मी ते सहा सेकंद काढून टाकले. मला गाण्याच्या कडव्यावर हात डोक्यावर टेकलेला हवा होता, तो बरोबर टेकला, आणि मी खूश झालो. पुढे काही महिन्यांनी ते आजोबा गेले. नवरीचे वडील दुकानात आले आणि म्हणाले, "अण्णांचा हात थांबला होता, तेवढे कॅसेटमध्ये दिसत नाही. मूळ कॅसेटमध्ये असेल ना?" मूळ कॅसेटवर मी तोवर दुसरे लग्न रेकॉर्ड केले होते, कारण नव्या कॅसेटचे पैसे वाचत होते. त्यांना मी तसे सांगितले. ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले. त्या घरातले पुढचे एकही काम माझ्याकडे आले नाही, आणि ते योग्यच झाले.

आपल्याकडची व्हिडिओची गती सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 सुटी चित्रे, आणि सिनेमाची 24, हे तू मला आता झोपेतही सांगशील. 25 च्या हिशेबात सहा सेकंद म्हणजे 150 फ्रेम. त्या 150 फ्रेममध्ये त्या माणसाने जे काही ठरवले किंवा गिळले, ते मी पाहिले होते. त्या घराने मात्र माझ्यामुळे पुन्हा कधी पाहिले नाही.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकांचा एक विचार मला फार पटतो. माणसाचा एखादा विचार मनात पुरा होतो तिथे त्याची पापणी मिटते, आणि चांगला कटही बहुतेक वेळा तिथेच बसतो, असे ते सांगतात. त्या विणकरांचा शॉट तू पुन्हा उघड आणि त्यांच्या पापणीकडे बघ. "कोणी नाही" म्हटल्यावर ती मिटत नाही. बोटे सूत चाचपतात तोपर्यंत डोळे उघडे आहेत. ती मिटते "बरा आहे" म्हणायच्या जरा आधी. माझी आठवण बरोबर असेल तर विचार तिथे पुरा झाला आहे, आणि तू कट त्याच्या कितीतरी आधी मारला आहेस.

आता त्या कुलपाविषयी, आणि हे मला शांततेपेक्षाही जास्त लागले. ते कुलूप त्यांच्या शेडचे नाही. दोन गल्ल्या सोडून एका दुसऱ्याच मालकाच्या शेडचा तो शॉट आपण परत येताना घेतला होता. त्या वेळी काठी माझ्या खांद्यावर होती. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला, तर कधी एका स्त्रीच्या शॉटला जोडून दाखवला होता, आणि लोकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली, असे सांगतात. ही जोडण्याची ताकद तुझ्या हातात आहे. "कोणी नाही" या शब्दांपाठोपाठ कुलूप आले की बघणारा धरून चालतो की या माणसाचे माग बंद पडले. त्यांचे माग चालू आहेत. त्यांच्या ओळखीतल्या कोणी हा माहितीपट त्यांना दाखवला, तर आपल्या नावावर लावलेले ते कुलूप बघून त्यांना काय वाटेल, याचा विचार कर. कथापटात नटाच्या चेहऱ्याला हवे ते जोडता येते. खऱ्या माणसाच्या चेहऱ्याला जोडताना त्याला विचारावे लागते.

दुरुस्ती सोपी आहे, तुझे फार तर अर्ध्या दिवसाचे काम. कुलूप काढून टाक आणि मूळ शॉट सलग चालू दे. हा भाग लांबला असे वाटले, तर आधीचे कारखान्याच्या दारातले दोन शॉट कमी कर. त्यात फक्त फाटक आणि सायकली आहेत. आवाज मात्र जरा निराळा बांध. आत्ता तू तिथे मंद सतार घातली आहेस, आणि ती प्रेक्षकाला दुःखी हो म्हणून सांगते. ती काढ आणि शेजारच्या मागांचा खडखडाट राहू दे. तुमच्याकडे ज्याला एल-कट म्हणतात, तसा तो खडखडाट पुढच्या शॉटवर थोडा वाहू दे, म्हणजे तो चेहरा गेल्यावरही मनात राहील. त्या शेडचा दोन मिनिटांचा नुसता आवाज मी वेगळा घेतला होता. फाइलच्या नावात 'शेड रिकामा' असे लिहिले आहे.

मिनिटभराची उभी रील करशील तेव्हाही हा शॉट टाळू नकोस. आडव्या चौकटीत तू मूळ शॉट मोठा करून चेहरा जवळ आणलास, तर हात बाहेर राहिले. उभ्या चौकटीत मूळ शॉटची पूर्ण उंची ठेवलीस, तर वर चेहरा आणि खाली कांडी चाचपणारी बोटे, दोन्ही मावतील. किती तरी लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. त्यांच्यासाठी "कोणी नाही" ही पडद्यावरची अक्षरे लगेच पुसू नकोस, बोटे हलताहेत तोवर राहू दे, आणि पुढचे वाक्य ते बोलतील तेव्हाच आण.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांना संकलनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरीही बाहेरच्या किती लोकांना त्यांचे नाव माहीत आहे? तुझेही नाव कोणी वाचणार नाही, हे गृहीत धरूनच तू हे क्षेत्र निवडलेस. त्या निवडीचा मला किती आनंद आहे, हे समोरासमोर बोलायला मला जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

चित्रीकरणाची दुसरी हार्ड डिस्क मी कपाटात कापडात गुंडाळून ठेवली आहे. तिच्यावरचे काहीही पुसायचे नाही, असे तुझ्या आईलाही सांगून ठेवले आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी येशील तेव्हा नवा कट घेऊन ये. आपण दोघे तो त्या विणकरांच्या घरी जाऊन आधी त्यांना दाखवू, आणि त्यांचा मुलगाही सणाला आलेला असला तर त्यालाही.

तुझे,
बाबा