खिडकी सासूबाईंची, तारा बाबांचा

चरई, ठाणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय आई-बाबा,
सलाम.

बाबा, आधी तुमच्याशीच बोलते. नाताळच्या ताऱ्याचा सांगाडा काढायला तुम्ही स्टुलावर चढलात, हे आईने फोनवर सांगितलंय. यंदा नगरच्या घराला तारा लागणार नाही. शेजारच्या पोराला सांगून सांगाडा माळ्यावरून उतरवून घ्या आणि इकडे घेऊन या. आमच्या बाल्कनीला तारा नाहीच आहे. जांभळी नाक्यावर घडीचे प्लास्टिकचे तारे ढिगाने आलेत, पण त्यांतला बल्ब नुसता डोळ्यांवर येतो. तुमच्या कामट्यांवर पतंगाचा कागद चिकटवू. कागद मी आणून ठेवते, खळ आई करेल.

यंदा यायलाच हवं, कारण हनुक्काची, म्हणजे सासूबाईंच्या ज्यू लोकांच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाची, पहिली वात नाताळच्याच संध्याकाळी आहे, २५ तारखेला. आठवी १ जानेवारीला. त्यांचे महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे दिवाळी सरकते तसा हा सणही सरकतो. असा योग याआधी २००५ साली आला होता, तेव्हा मी तुमच्याच घरात होते.

लाइटिंगवरून मात्र आमच्याकडे जरा वाजलं. तुमच्या जावयाने उघडझाप करणाऱ्या एलईडीच्या माळा आणल्या आणि हॉलच्या खिडकीचं ग्रिल गुंडाळायला घेतलं. मी थांबवलं. सासूबाई काही बोलल्या नसत्या. ओट्याच्या कोपऱ्यात दिवे लावून मोकळ्या झाल्या असत्या, दरवर्षी तसंच व्हायला लागलं होतं. पण हनुक्काचे दिवे खिडकीत किंवा दारात लावायचे असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. आमची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, थेट गल्लीवर. आणि ती वात असते केवढी! तिच्या डोक्यावर लाल-हिरवं लखलखायला लागलं तर गल्लीतून कुणाला काय दिसणार? मुलगा त्यांचा असून हे सुनेने सांगावं लागलं, असो.

तेव्हा ठरलं ते असं: माळा आणि तारा बाल्कनीत, झाड टीव्हीच्या बाजूला, आणि हॉलची खिडकी पूर्ण मोकळी. सासूबाईंच्या दिव्याला लाकडी पाटीवर बसवलेले काचेचे नऊ पेले आहेत. तळाला पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. आठ पेले आठ दिवसांचे, नववा शमाश. त्याच्यावरून बाकीचे पेटवायचे. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. पेले भरायचे उजवीकडून, पण पेटवताना नवी वात आधी. त्या उजेडात काम करायचं नाही, वाचायचंसुद्धा नाही. वाती जळताहेत तोवर सासूबाई भांड्यांना हात लावत नाहीत, आणि मीही लावत नाही, ही सोय मला फार आवडते. शुक्रवारी २७ ला आधी हनुक्काच्या वाती, मग शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे, कारण शब्बाथ लागल्यावर काडी ओढायची नाही. त्या दिवशी दिवे उजेडातच लागतात, म्हणून तेलही जास्त घालायचं.

गंमत म्हणजे बेने इस्रायलींना, म्हणजे सासूबाईंच्या कोकणातल्या मराठी ज्यूंना, पूर्वी हा सण ठाऊकच नव्हता. हा सण ज्याच्या आठवणीत करतात तो दिवा जेरुसलेमचं मंदिर शुद्ध करून पुन्हा लावला इ.स.पू. १६४ च्या सुमारास, आणि त्यांचे पूर्वज त्याआधीच अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं सासूबाई सांगतात. कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले, म्हणून ‘शनिवार तेली’. तेलाचा सण तेल्यांनाच इतका उशिरा कळला! आई, टेंभी नाक्याच्या त्यांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, तुला नेणार आहेत त्या. १८७९ सालचं आहे.

बाबा, तुम्ही जन्मभर वायरमनकी केलीत म्हणून तुमच्यासाठी एक. झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडिसनच्या जोडीदाराने, एडवर्ड जॉन्सनने, १८८२ साली न्यूयॉर्कच्या आपल्या घरी. लाल, पांढरे, निळे मिळून ८० बल्ब, सगळं वायरिंग हाताने. त्याआधी झाडावर मेणबत्त्याच असायच्या. तुमच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात, आणि तुम्ही टेस्टर घेऊन रात्रभर! आता बाल्कनीचा एक्स्टेंशन बोर्ड तेवढा तपासून द्या, मला तो गरम लागतो. तपासायचा तो खुर्चीत बसून.

नगरहून माळशेजमार्गे येणारी एसटी धरा आणि खोपटला उतरा, आम्ही न्यायला येतो. बाबांना पंच्याहत्तरीमुळे तिकीट नाही, आईला अर्धं. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा.

आणि आई, हनुक्काला तळलेलं खातात, तेव्हा तुझ्या करंज्या दोन्ही सणांना चालतील. पण २५ ला मटण आहे, आणि त्यांच्यात मटणाबरोबर दुधातुपाचं काही चालत नाही. मोहन तेलाचं घाल, सारणात खवा नको, नुसतं खोबरं आणि साखर. खव्याच्या करायच्याच असतील तर वेगळ्या डब्यात आण, त्या मी ३१ ला काढते.

तुमची,
शालू